दीपलक्ष्मीचा ऑपरेटर

शिपायानं दारातून मान बाहेर काढून टॉकीजच्या हजेरीपटावरचं नाव वाचून पुकारा केला, "दीपलक्ष्मी टॉकीज, ऑपरेटर सिद्धेश्वर स्वामी!" आणि बाकावर बसलेला वकार उठून उभा राहिला. नुसता उभा राहिला असता तरी चाललं असतं, पण वर तो "हाजिर हाय" असंही म्हणाला, चांगलं खणखणीत. शिपाई आत वळला, वकार त्याच्या मागं चार पावलं चालला आणि मग जागीच थांबला. कारण सिद्धेश्वर स्वामी म्हणजे तो नव्हे. तो वकार लालमहंमद शेख, वय सत्तेचाळीस. सिद्धेश्वर स्वामीला जाऊन साडेनऊ वर्षं झाली होती, भूकंपात गेला तो. आणि आज कामगार साहेबांच्या ऑफिसात वकारला सांगायचं होतं ते नेमकं हेच, की साहेब, तो माणूस कधीच मेला, टॉकीजचं मशीन मी चालवत होतो. घ्या! ज्या एका गोष्टीसाठी नांदेडहून लातूरला तीन महिने हेलपाटे घातले, ती त्यानं दारातच स्वतःच्या हातानं मातीत घातली.

मालकाचा वकील आधीच खुर्चीत बसलेला होता. तो हसला, पण कुचकं नाही; लहान पोराचं गणित चुकलं की मास्तर हसतात तसं. "साहेब, मी तोंडसुद्धा उघडलं नाही. हे आपणहून उभे राहिले," तो म्हणाला. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. साहेब माणूस भला होता, ओरडणारा नव्हता, आणि वकारला त्याचंच जास्त वाईट वाटलं. "शेख, तुमचा अर्ज वकार या नावानं आहे ना?" "हाव साहेब. मी वकारच हाय. ते सवयीनं झालं." "कशाची सवय?" आता हे एका वाक्यात कसं सांगायचं? साहेब म्हणाले, "सिद्धेश्वर स्वामी वारले, हा दाखला मी पाहिला. मला पटलं. पण एक माणूस तिथं नव्हता एवढंच त्यातून कळतं. तुम्ही तिथं होता हे कुठं आहे? हजेरीपटावर तुम्ही नाही, लायसन तुमचं नाही. तीन वाजता मी परत बसतो. तुमच्याबरोबर काम केलेला एक माणूस घेऊन या. एकच पुरे. हाच ऑपरेटर होता असं त्यानं सांगितलं, की मी मालकाला नोकरीचा दाखला द्यायला लावतो. कुणी आलं नाही, तर मला फाईल बंद करावी लागेल."

बाहेर एप्रिलचं ऊन नुसतं डोळ्यांत घुसत होतं. वकारचे डोळे तसेही कामातून गेलेले, कार्बनच्या कांड्यांचा तो पांढरा जाळ अठरा वर्षं बघून बघून. दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, टोकं भिडवून जरा मागं घ्यायच्या, की मधे तो जाळ पेटतो आणि त्या उजेडावर खाली नऊशे माणसं हसतात, रडतात, शिट्ट्या मारतात. कुणाला मागं वळून बघायची गरज पडत नाही. वळून बघतात ते चित्र थांबल्यावर, शिव्या द्यायला. वकारला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. उलट अंधारात आपल्याला कुणी बघत नाही, हीच त्याला कामातली मोठी सोय वाटायची. आता नांदेडला एका टॉकीजला ऑपरेटर पाहिजे होता, राहायला मागं खोली होती, आणि त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आधी कुठं मशीन चालवलं त्याची चिठ्ठी आण. चिठ्ठी नसेल तर ते मे महिन्यात दुसरा माणूस घेणार होते. तोवर वकार आणि शहजादी मेव्हण्याच्या घरात होते. मेव्हणा वाईट नव्हता. पण चहा टाकायचा तरी शहजादी आधी भावजयीकडं बघायची, तिनं मान हलवली की मगच पातेलं घ्यायची. ते बघितलं की वकारचा जीव नकोसा व्हायचा. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं, आणि या वयात शिकवणार तरी कोण?

त्या सवयीचं मूळ अण्णाच्या मरणात होतं. सिद्धेश्वरला तो अण्णा म्हणायचा. अण्णा लायसनवाला ऑपरेटर, वकार त्याच्या हाताखाली. मशीनला हात लावायला अण्णानंच शिकवलं, पडद्याच्या कोपऱ्यात रीळ संपायची खूण कशी हेरायची तेही त्यानंच. त्या वर्षी विसर्जनाला अण्णाला गावी जायचं होतं, औशाच्या पुढं. वकारच म्हणाला, "अण्णा, तुम्ही जावा बिनघोर. शो मी काढतो." दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. वकार ट्रकमधून त्या गावी गेला तेव्हा गावच नव्हतं, नुसते दगड होते, घराएवढाले ढीग. दोन दिवस तो लोकांबरोबर दगड उपसत होता, बोटांची नखं निघून गेली. अण्णा मिळाला तो उंबऱ्याजवळ. बायको, शिवकांता, माहेरी शिरूर अनंतपाळला होती म्हणून राहिली. आठ दिवसांनी मालकानं वकारला बोलावून घेतलं. टॉकीज चालू करायची होती, तपासणी येणार होती, आणि केबिनच्या भिंतीवर लायसन लटकत होतं अण्णाचं. "दोन महिन्यांपुरतं," मालक म्हणाला. "तुझं लायसन येईपर्यंत तू सिद्धेश्वर. आणि ऐनवेळी कुणी चुकू नये म्हणून सगळ्यांनी तुला आतापासूनच सिद्धेश्वर म्हणायचं." झालं. दोन महिन्यांची नऊ वर्षं झाली, आणि लायसनचा अर्ज कुठं गेला ते मालकालाच माहीत.

आधी पोरंटोरं चेष्टेनं म्हणायची, "काय स्वामी, आज उशीर?" मग चेष्टा संपली आणि नाव राहिलं. लायसनवरच्या फोटोत अण्णाला झुपकेदार मिशा होत्या, वकारनं तशा ठेवल्या. फोटोत अण्णाच्या कपाळावर विभूती होती. तपासणीचा माणूस खाली मालकाबरोबर चहा प्यायला बसला, की बुकिंगवाला सोमेश कागदाच्या पुडीत विभूती घेऊन वर यायचा आणि वकारच्या कपाळावर तीन बोटं ओढायचा. सोमेश स्वतः इष्टलिंग बांधणारा, त्याला ते पटायचं नाही. तो मान खाली घालून लावायचा आणि लावून झाल्यावर हळूच म्हणायचा, "माफ करा." कुणाला म्हणायचा, वकारला की अण्णाला की आपल्या देवाला, हे वकारनं कधी विचारलं नाही. राख वाळली की कपाळ आवळायचं. त्याला वाटायचं, अण्णाच बोट टेकवून उभा आहे, आणि विचारतोय, का रे, मला जा म्हणालास ना? माणूस निघून गेला की वकार पाण्यानं कपाळ घासघासून धुवायचा. घरी शहजादी म्हणायची, "ह्या मिशा काढा हो, मला कुण्या दुसऱ्याच माणसाबरोबर राहिल्यासारखं वाटतंय." तो हसून न्यायचा. मागच्या महिन्यात मृत्यूचा दाखला मागायला तो शिवकांताकडं गेला, तेव्हा तिनं कागद मुकाट्यानं काढून दिला आणि एवढंच विचारलं, "मग आता तिथलं बी नाव पुसणार का ओ त्यांचं?" कागद घडी करून वकार निघाला.

सगळ्या टॉकीजमध्ये एकच माणूस त्याला कधी सिद्धेश्वर म्हणाला नाही, तो नरसिंग. देगलूरकडचा, गेटवर तिकिटं फाडायचा. "तुझ्या बापानं नाव ठेवलंय ना? मग ते वापरायला कुणाला पुसायचं?" असं म्हणायचा आणि मालकाच्या समोरसुद्धा "ओ वकारभाई" अशी हाक मारायचा. तीन वाजेपर्यंत आणता येईल असा लातुरात तेवढाच एक माणूस उरला होता. सोमेशचा पत्ता नव्हता, झाडणारी लक्ष्मम्मा वारली होती. आणि नरसिंगकडंच जायची वकारला लाज वाटत होती, इतकी की तो दोनदा चुकीच्या गल्लीत वळला आणि वळला ते मुद्दाम, हे त्यालाही कळत होतं.

कारण युनियनचा फॉर्म नरसिंगनंच आणला होता. भूकंपानं केबिनच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती, ती बाल्कनीच्या खालपर्यंत उतरलेली. मालकानं त्यावर पोस्टरं चिकटवली. रोज सकाळी लक्ष्मम्मा खुर्च्यांखालून पोपडे झाडून काढायची आणि म्हणायची, "भीत ढासळली तर पब्लिकच्या डोक्यात आदी, मंग आपल्या." आठवड्याची सुट्टी नाही, केबिनच्या धुराड्याचा पत्रा निखळलेला, वकारला खोकला जडलेला. नरसिंगचा बाप नांदेडला गिरणीत होता, तिथं युनियन काय असते हे त्यानं लहानपणी पाहिलेलं. तो म्हणाला, "एकटा बोलला की मालक म्हणतो गेट उघडं हाय. आठ जण बोलले की त्याला बसून ऐकावं लागतंय." सात जणांनी सह्या केल्या, लक्ष्मम्मानं अंगठा दिला तो धरून सात. आठवा वकार. आणि खरी मेख तिथंच होती, कारण गेटवाला नसला तरी पिक्चर लागतो, ऑपरेटर नसला तर पडदा पांढराच राहतो. फॉर्म हातात घेऊन वकारनं विचारलं, "सही कोणत्या नावानं करू?" नरसिंग म्हणाला, "आईबापानं ठेवलेल्या." पण तसं केलं की कागद ऑफिसात जाणार, तिथं लायसन निघणार, आणि मालक त्याला आधीच सांगून बसला होता की लायसन दुसऱ्याचं, मशीन तू चालवतोस, काही झालं तर आत कोण जाईल ते बघ. वकारनं फॉर्म तसाच परत दिला. लेक अर्शिया तेव्हा बारा वर्षांची होती. आज ती सासरी आहे. पण भीतीला काही तरी कारण दाखवावं लागतं, म्हणून तो अजून तिचं वय मोजतो.

मग एके दिवशी काम बंद ठेवून बाराच्या शोला ते सात जण फाटकाबाहेर उन्हात बसले. मालक त्या दिवशी लोखंडी जिना चढून केबिनमध्ये आला, जन्मात पहिल्यांदा. धापा टाकत होता. रागावला नाही, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सिद्धेश्वर, चालू कर." आणि खरं सांगायचं तर वकारला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. वकारला काही ठरवायचंच नव्हतं. सिद्धेश्वरला हुकूम झाला होता, सिद्धेश्वरनं कांड्या भिडवल्या. रीळ फिरायला लागलं तसा तो मागच्या झरोक्याशी गेला. खाली सात डोकी दिसत होती, लक्ष्मम्मानं पदर ओढून घेतलेला, आणि नरसिंग मान वर करून सरळ झरोक्याकडं बघत होता. पडद्यावर गाणं सुरू झालं. चार दिवसांत मालकानं सातही जणांना काढलं. कुणी वकारला दगड मारला नाही की आईबहिणीवरून शिवी दिली नाही. लक्ष्मम्मा सामान न्यायला आली तेव्हा जिन्याखाली भेटली आणि म्हणाली, "जेवलास का रे?" एवढंच. त्यानंतर सात वर्षं त्यानं त्या भेगेशेजारी बसून शो काढले, आणि एका सोमवारी मालकानं टॉकीज बंद केली, तेव्हा म्हणाला, "तुला कशाचा दाखला देऊ? तू तर आमच्या कागदावर नाहीसच."

दीपलक्ष्मीच्या कमानीवर आता क्लासचा बोर्ड होता. मेडिकलला लागलेल्या मुलामुलींचे फोटो ओळीनं, जिथं नट-नट्यांची तोंडं असायची तिथंच. पोरं सायकली लावून आत पळत होती, पाठीला दप्तरं, गळ्यात कार्डं. फाटकाशी खाकी शर्टातला माणूस प्रत्येकाचं कार्ड बघत होता. "कार्ड?" तो वर न बघता वकारला म्हणाला. "नाही माझ्याकडं," वकार म्हणाला, आणि नरसिंगनं मान वर केली. केस पांढरे झाले होते.

"मिशा काढल्यास," तो म्हणाला.

"हाव. टॉकीज बंद झाली त्या दिवशीच."

भिंतीच्या सावलीत उभं राहून वकारनं सगळं सांगितलं. सकाळी उभा राहिलो तेही सांगितलं, काही लपवलं नाही. नरसिंग ऐकताना मधेच एखाद्या पोराचं कार्ड बघायचा, "चल, चल" म्हणायचा. आतून माइकवर सरांचा आवाज येत होता, फिजिक्सचं काही तरी. वकारच्या कानाला कळलं की डाव्या बाजूचा स्पीकर घरघरतोय, आणि या वेळी आपल्याला असलं कसं सुचतंय याची त्याला चीड आली.

"न्हाई," नरसिंग म्हणाला.

"नरसिंगभाऊ, पाच मिनिटांचं काम हाय. नुसतं मी व्हतो एवढं सांगायचं."

"त्या दिवशी मी तुझ्या झरोक्याकडं बघून राहिलो व्हतो. आता बंद करतो, आता बंद करतो. गाणं संपेपर्यंत वाट बघितली मी, वकारभाई. मंग दुसरं गाणं लागलं."

वकारनं मान हलवली आणि तो निघाला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेला असेल, तोच मागून धावत येणारे पाय ऐकू आले. नरसिंगनं त्याचा दंड धरला. धाप लागली होती त्याला.

"राग म्हणून येत न्हाई, असं समजून जाऊ नको. राग असता तर आलोच असतो, साहेबासमोर तुला चार शब्द सुनवायला," तो म्हणाला. "मंजुषा हाय आत. माझी पोरगी. हुशार हाय लई. सरनं तिला शेवटच्या बाकावर फुकट बसू दिलंय, वॉचमनची पोर म्हणून. जागा मालकाची हाय, सर त्याचा भाडेकरू. मी तिकडं साक्ष दिली की संध्याकाळी मालकाचा फोन, आन् उद्या पोरगी फाटकाच्या बाहेर. परीक्षा तोंडावर आली. मी काय करू, तूच सांग? इथं आमची बी युनियन-बिनियन काही न्हाई. मी एकटाच हाय फाटकावर."

तो रडत नव्हता, पण तोंड तसंच झालं होतं. वकारनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्याला त्या क्षणी झरोका आठवला नाही, मालक आठवला नाही. आठवला तो फक्त स्वतःच्या पोटातला तो गोळा, फॉर्म परत देताना आलेला. तोच आता नरसिंगच्या पोटात होता आणि वकारला तो जणू हातानं लागत होता. आठ वर्षं त्याला वाटत होतं की आपण जातीचेच भेकड. आणि हा नरसिंग, जो कुणाला भ्यायला नाही, त्यालाही एकटं गाठलं की हेच होतं. याचा आनंद व्हावा की कपाळ बडवून घ्यावं? "जा तू," तो म्हणाला. "फाटक उघडं हाय." नरसिंग गेला, मागं वळून बघत गेला.

तीन वाजता शिपायानं या वेळी बरोबर नाव पुकारलं. वकार आत गेला. वकील पंख्याखाली खुर्ची सरकवून बसला होता. साहेबांनी वकारच्या मागं दाराकडं बघितलं, दारात कुणी नव्हतं.

"कुणी आलं नाही?"

"न्हाई साहेब."

साहेबांनी पेन उघडलं, परत मिटलं. मग पुढं वाकून, वकिलाला आवडणार नाही हे माहीत असून, ते म्हणाले, "हे बघा शेख, लोक यायला घाबरतात, मला कळतं. तुम्ही फक्त नाव सांगा. माणूस कुठं असतो ते सांगा. मी नोटीस काढतो. नोटीस गेली की त्याला यावंच लागेल, आणि इथं आल्यावर त्याला खोटं बोलता येणार नाही. एक नाव द्या, मी पुढची तारीख देतो."

वकिलाच्या खुर्चीची करकर थांबली. नाव वकारच्या तोंडातच होतं. नुसते ओठ उघडायचे. नरसिंग खोटं बोलणार नाही, हे त्याला जितकं ठाऊक होतं तितकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. नोटीस घेऊन तो इथं येईल, ताठ उभा राहील, म्हणेल, हाव, हाच व्हता ऑपरेटर. मग दाखला, मग नांदेडची खोली, शहजादी आपल्या मर्जीनं पातेलं चुलीवर ठेवेल. आणि शेवटच्या बाकावरची ती पोरगी, जिला त्यानं बघितलंसुद्धा नव्हतं, दप्तर घेऊन फाटकाबाहेर उभी राहील. त्याच उन्हात. त्याला तिचा चेहरा दिसेना, फक्त ती जागा दिसली, कमानीच्या उजव्या हाताची, सात जण बसले होते ती.

"बोला ना शेख," साहेब म्हणाले. "इतकी वर्षं काम केलंत. तुमच्यासोबत कुणी तरी असेलच की."

"न्हाई साहेब," वकार म्हणाला. "माझ्यासंगं कुणी नव्हतं."

"कुणीच नाही?"

"मी एकटाच होतो."

वकिलानं खाली बघितलं. साहेबांनी कागदावर चार ओळी लिहिल्या, कागद फिरवून त्याच्यापुढं सरकवला आणि बोट ठेवलं, इथं सही करा. वर लिहिलं होतं, पुराव्याअभावी अर्ज निकाली. त्याखाली, वकार लालमहंमद शेख, ऑपरेटर, दीपलक्ष्मी टॉकीज. टॉकीजच्या नावाशेजारी स्वतःचं नाव त्यानं सरकारी कागदावर आज पहिल्यांदाच पाहिलं. त्यानं ते दोनदा वाचलं, सावकाश, आणि सही केली.